मोंग फाइन डायनिंगला जाताय? बुकिंगपासून डब्यात भरून आणण्यापर्यंत सगळं

ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत, आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, कोणी टार्गेटमध्ये, कोणी मेडट्रॉनिकमध्ये, कोणी सहा महिन्यांच्या ऑनसाइटवर, आणि शनिवारी बाहेर जेवायचं ठरलं की गाडी फिरून फिरून त्याच दोन-चार इंडियन रेस्टॉरंटकडे नाहीतर थाय करीकडे वळते. आणि इकडे ज्या जेवणावर देशभरातली फूड मासिकं पानंच्या पानं लिहितायत ते ईडन प्रेरीहून किंवा मेपल ग्रोव्हहून जेमतेम अर्ध्या तासावर आहे. मोंग जेवण, म्हणजे लाओस-थायलंडच्या डोंगरांतून इथे आलेल्या मोंग लोकांचं. बाजारातल्या स्टॉलवरचं तर आहेच, ते वर्षानुवर्षं आहे, पण आता टेबल बुक करून, कपडे नीट घालून, पैसे मोजून खायचं मोंग जेवणसुद्धा आहे. ओळखीतले बरेच जण एकदा जाऊन येतात आणि म्हणतात, "ठीक होतं गं, पण एवढे पैसे?" मला विचाराल तर दहातल्या नऊ वेळा ऑर्डर चुकलेली असते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी कुठे जायचं ते

दोन नावं लक्षात ठेवा, दोन्ही नॉर्थईस्ट मिनियापोलिसमध्ये, दोन्ही २०२४ साली उघडलेली. पहिलं विनाय, शेफ यिया वांग यांचं. त्यांचा जन्म थायलंडमधल्या बान विनाय या निर्वासित छावणीतला, रेस्टॉरंटला नाव त्या छावणीचंच. कोविडच्या आधीपासून याची चर्चा होती, मग रखडलं, आणि शेवटी २०२४ च्या उन्हाळ्यात सुरू झालं. त्याआधी युनियन मोंग किचन या नावाने ते पॉप-अप, म्हणजे तात्पुरत्या जागेतली जेवणं, करायचे, २०२२ पासून मिनेसोटा स्टेट फेअरमध्ये त्याच नावाचा स्टॉल आला, आणि त्याच वर्षी नेटफ्लिक्सच्या आयर्न शेफमध्येही ते दिसले. इथे जाळावरचं मांस, तिखट चटण्या, भात, पालेभाज्या, असं रात्रीचं जेवण.

दुसरं डायन्स प्लेस, डायन मुआ यांचं, फूड बिल्डिंग नावाच्या इमारतीत. या बाई मुळात पेस्ट्री शेफ, शहरातल्या नावाजलेल्या फ्रेंच धाटणीच्या किचनमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या, त्यामुळे इथला क्रोसाँ खाताना आधी हात फ्रेंच वाटतो आणि आतलं सारण मोंग घरातलं निघतं. नारळ आणि पांदन या सुवासिक पानाचा क्रोसाँ, थाय टी फ्रेंच टोस्ट, स्पॅमचा क्रोसाँ वगैरे. बरीचशी भाजी विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या आईवडिलांच्या शेतातून येते. फूड अँड वाइन मासिकाने २०२५ साली याला रेस्टॉरंट ऑफ द इयर म्हटलं, तेव्हापासून गर्दी विचारूच नका.

माझं मत, पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळी डायन्स प्लेसला जावं, खिशाला झेपतं, आवाका कळतो, आणि मग महिन्याभराने रात्रीचं मोठं जेवण. पण थेट रात्रीच जायचं असेल तर जा, काही बिघडत नाही. फक्त रेस्टॉरंटच्या धंद्यात सहा महिन्यांत चित्र बदलतं, वेळा बदलतात, वार बदलतात, मेनू तर सीझनप्रमाणे बदलतोच, म्हणून निघायच्या आधी त्यांची साइट बघा. मित्राच्या व्हॉट्सॲपवरच्या फोटोतला मेनू धरून जाऊ नका.

जायच्या आधीचा एक शनिवार: बाजार

हे मी प्रत्येकाला सांगते आणि कोणी ऐकत नाही. महागडं मोंग जेवण जेवायच्या आधी एकदा स्वस्तातलं जेवून घ्या. सेंट पॉलमध्ये दोन मोठे इनडोअर बाजार आहेत, कोमो अव्हेन्यूजवळचं मोंगटाउन मार्केटप्लेस, जे २००४ पासून चालू आहे, आणि जॉन्सन पार्कवेवरचं मोंग व्हिलेज, ते २०१० चं. आत भाजीवाल्या मावश्या, कपड्यांची दुकानं, औषधी पाल्याच्या जुड्या, आणि फूड कोर्टमध्ये स्टॉलला लागून स्टॉल. तिथे मोंग सॉसेज घ्या, म्हणजे डुकराच्या मांसात आलं, गवती चहा, मिरची घालून केलेलं जाडसर सॉसेज, सोबत जांभळट चिकट भात आणि चटणीची छोटी डबी. भरलेले चिकन विंग्ज घ्या, हाडं काढून आत काचेसारख्या शेवया आणि खिमा भरलेला असतो. पपईचं सॅलड समोर खलबत्त्यात कुटून देतात.

हे कशासाठी? तर घरगुती चव जिभेवर बसली की मग रेस्टॉरंटमध्ये शेफने नेमकं काय केलंय ते दिसतं. नाहीतर उकडलेल्या मोहरीच्या पाल्याचा बोल समोर आला की आपण म्हणणार, हे काय, फोडणीसुद्धा नाही. फोडणी नसतेच. मोंग घरात हिरवा पाला पाण्यात किंवा डुकराच्या रस्स्यात नुसता उकडतात, कधी कधी मीठही जेमतेम, आणि ते पाणी जेवताना मध्येमध्ये पितात. तिखट आणि चरबट खाल्ल्यावर तोंड साफ करायचं काम त्याचं. हे एकदा बाजारात अनुभवलं की रेस्टॉरंटमधला तो बोल साइड डिश म्हणून बाजूला सरकवणार नाही तुम्ही.

मोंग कोण, हे दोन मिनिटांत

जेवायला जाताना इतिहास कशाला, असं वाटेल, पण टेबलावर बसल्यावर मेनूत नाव येतं, भिंतीवर काहीतरी लटकलेलं असतं, आणि आपण वेटरला "हे चायनीज आहे ना?" असं विचारून मोकळे होतो. ते टाळायला एवढं पुरे. मोंग लोक मूळचे दक्षिण चीनच्या डोंगराळ भागातले, तिथून लाओस, व्हिएतनाम, थायलंडच्या डोंगरात पसरलेले. त्यांचा स्वतःचा असा देश कुठेच नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने लाओसमध्ये जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली मोंग लोकांची फौज उभी केली, गुपचूप. १९७५ मध्ये अमेरिका निघून गेली आणि हे लोक उघड्यावर पडले. हजारो कुटुंबं मेकाँग नदी ओलांडून थायलंडला पळाली, कित्येक जण नदीतच गेले. बान विनाय छावणी त्याच वर्षी सुरू झाली आणि १९९२ ला बंद झाली, ऐंशीच्या दशकात तिथे चाळीस हजारांच्या वर माणसं राहात होती. तिथून लोक अमेरिकेत आले, कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला, विस्कॉन्सिनमध्ये, आणि इथे सेंट पॉलला.

त्यामुळे मोंग जेवणात लाओसचं आहे, थायलंडचं आहे, चीनचं आहे, आणि आता मिनेसोटाचंही आहे. स्पॅमचंच बघा, तो डबाबंद मांसाचा ब्रँड मिनेसोटातल्या ऑस्टिन गावच्या हॉर्मेल कंपनीचा, १९३७ पासूनचा. म्हणून क्रोसाँत स्पॅम बघून "हे काय फ्यूजन" असं म्हणू नका, इथे वाढलेल्या मोंग पोरांच्या घरी तो डबा असायचाच.

बुकिंग

शुक्रवार-शनिवार रात्र हवी असेल तर दोन-तीन आठवडे आधी ऑनलाइन बघायला लागा. मंगळवार-बुधवार चालत असेल तर बरंच सोपं, आणि खरं सांगू का, किचन निवांत असलं की जेवण जास्त चांगलं येतं. किती जण जायचं हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दोघांनी गेलात तर मेनूतलं चतुर्थांश पण खाऊन होणार नाही. चार ते सहा जण म्हणजे बेस्ट. आठच्या वर गेलात तर बहुतेक ठिकाणी वेगळी व्यवस्था लागते, डिपॉझिट मागतात, फोन करून बोला.

बुकिंग करताना खाली नोट लिहायची जागा असते, ती आपण रिकामी सोडतो. तिथेच लिहा, एक जण शाकाहारी, एक जण बीफ खात नाही, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. आयत्या वेळी सांगितलं तर वेटर फक्त "हे नका घेऊ" एवढंच सांगू शकतो, दोन दिवस आधी सांगितलं तर किचन काहीतरी करू शकतं.

आणि वेळ. आपली जेवायची वेळ साडेआठ-नऊ, मिनेसोटाची साडेपाच-सहा. नऊला पोचलात तर किचन आवरायच्या मूडमध्ये असतं. साडेसहाचं बुकिंग धरा.

पोचणं

नॉर्थईस्टमध्ये बरंचसं पार्किंग रस्त्यावरचं, पाट्या वाचा. हिवाळ्यात एक खास भानगड: मोठा बर्फ पडला की शहर स्नो इमर्जन्सी जाहीर करतं आणि पहिल्या रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत स्नो इमर्जन्सी रूट असलेल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना गाडी ठेवता येत नाही. रात्री नऊ, म्हणजे नेमकी तुमच्या डेझर्टची वेळ. गाडी टो होते आणि जेवणाच्या बिलाइतकेच पैसे गाडी सोडवायला जातात. त्या दिवशी उबर करा सरळ.

कपडे, टेन्शन घेऊ नका. मिनियापोलिसमध्ये फाइन डायनिंगलाही लोक जीन्स आणि बऱ्यापैकी शर्टात येतात. साडी नेसलीत तर छानच दिसेल पण जाळावरचा स्वयंपाक असतो, धुराचा वास लागतो, पैठणी घरी ठेवा.

भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट बरोबर ठेवा, ड्रिंक्स घ्यायची असतील तर. केस पांढरे झालेल्या बाबांनाही आयडी मागतात, त्यांनी रागवायचं नाही.

ऑर्डर: इथेच सगळं ठरतं

यिया वांग मुलाखतींमधून नेहमी सांगतात की मोंग जेवणात चार गोष्टी लागतात: भात, मांस, भाजी आणि तिखट चटणी. चारही टेबलावर असल्या की जेवण झालं, एक जरी कमी असली तरी अपुरं. हेच धरून ऑर्डर करायची. "मी हे घेते, तू ते घे" असं आपापलं ताट मागवायचंच नाही. सगळं मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी सगळ्यातलं घ्यायचं. वेटर विचारतो शेअर करणार का, हो म्हणा, तो प्लेट्स त्या हिशोबाने आणतो.

चार जणांसाठी माझा हिशोब साधारण असा असतो. सुरुवातीला छोट्या पदार्थांतले दोन, त्यातला एक आंबट-थंड काहीतरी, सॅलडसारखा. मग मोठं मांस एकच किंवा फार तर दोन, त्यातलं एक जाळावरचं, ग्रिल्ड चिकन किंवा पोर्क, आणि दुसरं रस्स्याचं नाहीतर मासा. दोन्ही ग्रिलवरचं घेतलं तर मजा जाते, तोंडाला एकसुरी लागतं. पालेभाजी नक्की एक, शक्यतो दोन. भात वेगळा मागवावा लागतो का ते विचारा, आणि मागवाच, दोन प्रकारचे असतील तर दोन्ही. आणि चटण्या, ज्या असतील त्या सगळ्या. चटण्यांचा सेट वेगळा विकायला असेल तर तिथे पैसे वाचवू नका, मोठ्या मांसातलं एक कमी करा हवं तर.

इथे आपल्या लोकांची नेहमीची गडबड सांगते. आपण मसाला शोधतो. मांस तोंडात टाकलं, धूर लागला, मीठ लागलं, थोडा गवती चहा लागला, आणि आपण म्हणतो फिकं आहे. मोंग स्वयंपाकात तिखट मांसात शिजवत नाहीत, ते बाहेर ठेवतात, चटणीत. थाय मिरच्या, कोथिंबीर, कांद्याची पात, फिश सॉस, लिंबू, खलबत्त्यात कुटून. ठेचा भाकरीबरोबर असतो तसाच मान या चटणीला, ती तोंडी लावणं नसून जेवणाचा कणा आहे. घरोघरी प्रत्येक आईची वेगळी, विनायमध्ये शेफच्या आईच्या चटण्यांचा मोठा मान आहे तो त्यामुळेच. तर घास असा घ्या: थोडा भात, त्यावर मांसाचा तुकडा, त्यावर चटणीचा ठिपका, वर हिरवा पाला, आणि मग एक चमचा रस्सा. पहिल्यांदा ठिपकाच, चमचाभर नको, कोल्हापूरचे असलात तरी. थाय मिरचीचं तिखट उशिरा चढतं, आपण "काही नाही हे" म्हणून दुसऱ्यांदा घेतो आणि मग पाणी शोधतो. पाण्याने काही होत नाही, भात खा नाहीतर उकडलेल्या पाल्याचं पाणी प्या.

मेनूत मोंग शब्द रोमन लिपीत लिहिलेले दिसले तर घाबरू नका. ही लिपी १९५० च्या दशकात लाओसमध्ये तयार झाली आणि तिची एक युक्ती आहे, शब्दाचं शेवटचं व्यंजन उच्चारायचं नसतं, ते फक्त सूर दाखवतं, वरचा, खालचा, पडता. म्हणून लिहिलेलं लांबलचक आणि बोलायला छोटंसं. मॉ म्हणजे भात, झाउ म्हणजे भाजी, न्गाइ म्हणजे मांस, काइ म्हणजे कोंबडी, म्बुआ म्हणजे डुक्कर, न्यू म्हणजे गायबैल. बीफ न खाणाऱ्यांनी हा शेवटचा लक्षात ठेवा. लाब नावाचा पदार्थ दिसेल, बारीक चिरलेलं मांस, पुदिना, लिंबू, भाजून कुटलेले तांदूळ, अप्रतिम लागतो, पण तो बऱ्याचदा बीफचा असतो आणि कधी कधी कच्च्या बीफचा, तेव्हा विचारल्याशिवाय नाही.

एक पदार्थ दिसला तर मला तरी सोडवत नाही, औषधी पाल्यातली उकडलेली कोंबडी. बाळंतपणानंतर मोंग घरात बाईला महिनाभर हेच देतात, कोंबडी, बागेतला औषधी पाला, गरम भात, थंड पाणीसुद्धा नाही. दिसायला अगदी साधा पांढरट रस्सा, थोडा कडवट. टेबलावर सगळ्यांना आवडेल असं नाही, फोटोत तर अजिबात चांगला दिसत नाही. पण चांगल्या शेफच्या हातचा मिळाला तर त्या रात्रीतलं तेच लक्षात राहतं. भर हिवाळ्यात तर विचारायलाच नको.

शाकाहारी लोकांसाठी, खरं खरं

गोड बोलून उपयोग नाही, मोंग जेवण शाकाहारींसाठी अवघड आहे. भाजी भरपूर असते पण भाजी म्हणजे शाकाहारी नव्हे. फिश सॉस सगळीकडे, चटणीत, सॅलडमध्ये, ड्रेसिंगमध्ये. मोहरीचा पाला बहुतेक वेळा डुकराच्या रस्स्यात. पपईच्या सॅलडमध्ये आंबवलेला मासा, खेकड्याची पेस्ट किंवा सुकी कोळंबी. नारळाच्या लाल रस्स्यातल्या शेवया दिसायला एकदम निरागस, पण खालचा रस्सा मांसाचा.

म्हणून विचारायची पद्धत बदला. "व्हेज आहे का?" असं विचारलं की इथला वेटर मांसाचे तुकडे आहेत का एवढंच बघतो आणि हो म्हणतो. त्यापेक्षा "व्हिगन करता येईल का?" विचारा, म्हणजे फिश सॉस आणि रस्साही मोजणीत येतो. आणि तीन गोष्टी नाव घेऊन विचारा: फिश सॉस, ऑयस्टर सॉस, रस्सा कशाचा. अंडं चालत असेल तर ते वेगळं सांगा. सासूबाईंना घेऊन जाताना मी हे सगळं नोटमध्ये आधीच लिहिते, बिचाऱ्यांना टेबलावर सगळ्यांसमोर चौकशी झालेली आवडत नाही.

बिनधास्त खाता येण्यासारखं काय? चिकट भात, तो नुसता वाफवलेला असतो. काकडी, कच्च्या भाज्या, पाला. ग्रिल केलेल्या किंवा परतलेल्या भाज्या, सॉस बदलून देतात का विचारून. आणि गोडात ना वा, म्हणजे नारळाच्या दुधातला रंगीबेरंगी साबुदाण्याचा प्रकार, गार, त्यात पांदनचा वास, बहुतेक वेळा पूर्ण शाकाहारी, उपवासाच्या खिरीवर वाढलेल्या लोकांना दोन मिनिटांत पटतो. डायन्स प्लेसला सकाळी गेलात तर शाकाहारींचं बरंच सोपं जातं, पेस्ट्री असतातच, अंडं-लोणी चालत असेल तर. कट्टर जैन असाल तर मात्र आईस्क्रीमवर भागवावं लागेल, त्यापेक्षा त्या दिवशी दुसरीकडे जा, कोणाचाच मूड जाणार नाही.

मुलं बरोबर असतील तर भात, ग्रिल्ड चिकन, आणि एग रोल मिळत असेल तर तो. मुलांची काळजी नाही, ती आपल्यापेक्षा शहाणी असतात या बाबतीत.

हाताने की चमच्याने

चॉपस्टिक्स मागू नका, मोंग लोक भात चमच्याने खातात, चॉपस्टिक्स शेवयांच्या सूपसाठी. चिकट भात मात्र हाताने, थोडासा घेऊन बोटांनी दाबून लाडवासारखा करायचा आणि चटणीत किंवा रस्स्यात टेकवायचा. भाताच्या टोपलीचं झाकण उघडं ठेवू नका, भात लगेच वाळून कडक होतो. आपल्याला हाताने खायची सवय आहेच, फक्त संकोच नको, शेजारच्या टेबलावरचे गोरे काटा-सुऱ्याने तो भात तोडत बसलेले दिसतील, त्यांचं बघून काटा उचलू नका.

पेयं

तिखटाबरोबर कडक रेड वाइन घेऊ नका, दोन्ही वाया जातं. किंचित गोडसर रीसलिंग ही व्हाइट वाइन किंवा साधी थंड बिअर. गवती चहा, आलं, पांदन घातलेली कॉकटेल्स असतील तर एक नक्की.

आणि एक सूचना, विशेषतः आईबाबांना नेणाऱ्यांसाठी. मिनेसोटात जुलै २०२२ मध्ये हेम्पमधल्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडातल्या, टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची पेयं कायदेशीर झाली, आणि मिनियापोलिसच्या बऱ्याच रेस्टॉरंट-बारमध्ये ती अल्कोहोल नसलेल्या पेयांच्या शेजारीच छापलेली असतात, लेमनेड, जिंजर, बेरी अशा सोज्वळ नावांनी. "यात दारू नाही ना? मग दे" म्हणून कोणीतरी मागवतं आणि मग दीड तासाने उगाचच हसत बसतं. मिलिग्रॅमचा आकडा दिसला की समजा.

बोलणं-चालणं

वाढणारी माणसं मोंग असतीलच असं नाही, त्यामुळे प्रत्येकाला "तुझ्या घरी हे कसं करतात?" विचारू नका. आणि मोंग असतील तर "मूळची कुठली?" हा प्रश्न गिळा, त्यांचे आजीआजोबा १९७५ नंतर इथे आलेत, ती सेंट पॉलचीच आहेत. ऑलिंपिकची जिम्नॅस्ट सुनी ली सेंट पॉलची मोंग, टोकियोत ऑलराउंड गोल्ड घेतलेली. सेंट पॉलच्या महापौर काओली हर मोंग, नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या. हे शहर त्यांचं आपल्यापेक्षा जास्त आहे.

पदार्थाबद्दल विचारायला काहीच हरकत नाही, उलट विचारा. भाजी कुठल्या शेतातली, चटणी कोणाची, हा पाला कुठला. इथल्या भाजीबाजारात मोंग शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे, डकोटा काउंटीत मोंग अमेरिकन फार्मर्स असोसिएशनचं १५५ एकरांचं शेतच आहे, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर वेटरकडे बहुतेक असतं. मोंग घरांत आणि दुकानांत एक कापड लावलेलं दिसतं, भरतकामातून गोष्ट सांगणारं, डोंगर, विमानं, सैनिक, नदी ओलांडणारी माणसं. पान्दाउ म्हणतात या भरतकामाला, आणि गोष्ट सांगणारी ही तऱ्हा बान विनायसारख्या छावण्यांमध्येच सुरू झाली. रेस्टॉरंटच्या भिंतीवर असं काही दिसलं तर जवळ जाऊन डावीकडून उजवीकडे बघत जा, सेल्फीचं बॅकग्राउंड नंतर करा.

आभार मानायचे तर "उआ चाउ". उच्चार चुकला तरी समोरचा खूश होतो.

बिल

पेय धरून माणशी ७०-८० डॉलर धरून चला, वाइनची बाटली घेतलीत तर जास्त, सकाळच्या पेस्ट्री-नाश्त्याला अर्ध्याच्याही खाली. त्यावर टॅक्स मिनियापोलिसमध्ये नऊ टक्क्यांच्या आसपास.

टिपचं नीट समजून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून मिनेसोटात बिलात शेवटी गुपचूप चार्जेस घुसवता येत नाहीत, आणि ऑटोमॅटिक ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलातच धरलेली टिप, लावायची असेल तर टक्का मेनूवर स्पष्ट लिहावा लागतो. म्हणून मेनूच्या खालच्या ओळी वाचा. तिथे लिहिलेलं असेल तर वर पुन्हा टिप द्यायची गरज नाही, मशीनने स्क्रीन फिरवून दाखवली तरीही. लिहिलेलं नसेल तर १८ ते २० टक्के. आपल्यात दर वेळी कोणीतरी म्हणतं, मिनेसोटात वेटरना पूर्ण किमान वेतन मिळतं, इतर राज्यांसारखं टिपवर पगार कापत नाहीत, मग कशाला एवढी टिप. कायदा खरा आहे, पण रीत बदललेली नाही, आणि तीन तास टेबल अडवून, चार वेळा चटणी मागून, पाच कार्डांवर बिल विभागून मागितल्यावर १० टक्के ठेवून उठायचं हे बरं दिसत नाही. बिल एकानेच भरा आणि घरी जाऊन आपसात हिशोब करा.

उरलेलं

उरणारच, कारण मी सांगितल्याप्रमाणे ऑर्डर केलीत तर थोडं जास्तच होतं. लाजू नका, डबा मागा. मांस आणि रस्सा वेगळे भरा, चटणी उरली असेल तर ती आधी भरा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आरामात राहते आणि आमलेटवर भारी लागते. चिकट भात फ्रीजमध्ये दगड होतो, त्यावर ओला पेपर टॉवेल टाकून मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंद करत गरम करा किंवा इडलीपात्रात पाच मिनिटं वाफवा, इडलीपात्रात जास्त छान होतो. कच्चा पाला आणि सॅलड मात्र आणू नका, सकाळपर्यंत त्याचं पाणी होतं.